चौकोनी भोकाचं जातं

"त्या पोरीला आवाज आहे का, की नुसते डोळेच?"

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या आड मी जमिनीवर मांडी घालून बसले होते. विचारणारे होते रॉन, रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि आपण कुजबुजतो आहोत असा त्यांचा प्रामाणिक समज होता. सगळं आयुष्य इंजिनाशेजारी काढलेल्या माणसाची कुजबुज बाहेरच्या बसस्टॉपपर्यंत ऐकू जायची. "आवाजाचं राहू दे," पेग म्हणाल्या, "तुझ्याकडे दोघांना पुरून उरेल एवढा आहे. ती बघते. तुला ते कधी जमलं नाही." मग कपबशा वाजल्या, दोघांनीही चहात जिंजर बिस्किटं बुडवली असावीत. मी जागची हलले नाही. कुणी आपल्याविषयी बोलायला लागलं की होतो तिथेच दगड होऊन बसायचं, ही माझी तेव्हाची रीत होती. पेगनी मात्र बशीत एक बिस्किट ठेवलं आणि बशी पायाने हळूच खोक्याच्या या बाजूला सरकवली.

मी सोळा वर्षांची होते. पुण्याहून अप्पर हटला येऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती. बाबा वेलिंग्टनला सॉफ्टवेअरचं काम करायचे आणि रोज ट्रेनने जा-ये करायचे. आई पुण्यात फार्मासिस्ट होती. इथे परीक्षा दिल्याशिवाय तिला खोकल्याच्या औषधालाही हात लावता येत नव्हता. ती परीक्षा तिने एकदा दिली होती आणि 'थोडक्यात हुकली' होती. थोडक्यात म्हणजे किती, हे आमच्या घरात कुणी विचारायचं नाही. राहिले मी. पुण्यात मी इंग्रजी शाळेत शिकलेली, वक्तृत्वात बक्षीस मिळवलेली मुलगी. इथे आल्यावर कळलं की माझं इंग्रजी इस्त्रीचं आहे आणि इथली मुलं ते चुरगळून, अर्धं तोंडातच ठेवून बोलतात. मनातल्या मनात माझं वाक्य जुळून येईपर्यंत गप्पा पुढच्या विषयावर गेलेल्या असायच्या. मग मी वाक्यं जुळवणंच सोडून दिलं. गप्प राहण्याचा एक फायदा असतो, लोक तुम्हाला विसरतात आणि तुमच्यासमोर खुशाल बोलतात.

(ही आठवण मी आधी इंग्रजीत लिहायला घेतली होती, दोनदा. तिथे आई आईसारखी बोलेना. म्हणून शाळेत तिसरी भाषा म्हणून शिकलेल्या मराठीत लिहिते आहे. चुका आई काढेलच.)

दर गुरुवारी शाळा सुटली की मी ग्रंथालयात जायची आणि बाबांची ट्रेन येईपर्यंत थांबायची. ग्रंथपाल फिओना "किआ ओरा!" म्हणून हात करायच्या आणि मी मान हलवायची, एवढाच आमचा संवाद. एकदा त्यांनी माझी वही पाहिली आणि अक्षर सुरेख आहे म्हणून मला कामाला लावलं. गावाच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं होतं, 'तेव्हा आणि आता'. एका बाजूला जुना फोटो, शेजारी त्याच जागेचा आजचा. रॉन आणि पेग जागा ओळखणार, मी फोटो स्कॅन करून खाली मजकूर लिहिणार. रॉनना सगळं ठाऊक होतं, निदान ते कधीच 'ठाऊक नाही' म्हणत नसत. पेग ऐंशीच्या पुढच्या, किडकिडीत, कायम एकाच हिरव्या स्वेटरमध्ये. मी घरी "पेग म्हणाल्या" असं सांगू लागले तेव्हा आई हादरली. "आजीच्या वयाच्या बाईला पेग काय म्हणतेस?" इथे सगळे असंच म्हणतात, हे सांगून पटेना. शेवटी घरात त्या पेगआजी झाल्या.

त्या खोक्यांनी मला हे गाव दाखवलं. तोवर माझ्या लेखी अप्पर हट म्हणजे स्टेशन, शाळा, मोठं दुकान, आणि संध्याकाळी पाचला शटर ओढून गप्प होणारा रस्ता. खोक्यात वेगळंच गाव होतं. ज्या कोपऱ्यावरच्या डेअरीत मी आईस्क्रीम घ्यायची (इथे कोपऱ्यावरच्या वाण्याला डेअरी म्हणतात, दूध असो नसो) तिथे घोड्यांना नाल ठोकत होते. गालिच्यांचं दुकान हे सिनेमागृह होतं आणि बाहेर टोप्या घातलेल्या बायकांची रांग होती. नदी तर जिथे मनाला येईल तिथून वाहत होती. तिला बांध घालून सरळ केलं ते नंतर, तिच्या सोडलेल्या पात्रात मग रस्ते आले, घरं आली, आणि लहान ओढे नळांत घालून जमिनीखाली ढकलले. टेकड्या बोडक्या होत्या. आधीचं जंगल जाळून गवत केलेलं, आणि गवतावर मेंढ्या, सांडलेल्या तांदळासारख्या. आता त्याच टेकड्यांवर पाइनची दाट लागवड होती. रॉन बोट ठेवत म्हणायचे, "हे गेलं. हेही गेलं. हे मात्र आहे, पण तिथे आता दात काढतात." त्यात दुःख नसायचं. ट्रेनची स्टेशनं वाचून दाखवावीत तसं ते म्हणायचे.

घरी यायचं तर रेल्वेचं फाटक ओलांडून. फाटकाची घंटा स्वयंपाकघरात ऐकू यायची आणि तिच्यावर आईचं वेळापत्रक चालायचं. सहाच्या घंटेला कणीक, पुढच्या घंटेला तवा. घर जुनं, लाकडी, पण मागे अंगण ऐसपैस. अभ्यासाने डोकं भणभणलं की आई बाबांचे गमबूट घालून खणायला जायची. "तिकडे पुस्तक मला घाम फोडतं, इकडे मी मातीला," म्हणायची. तिने मेथी लावली, कोथिंबीर लावली, सिल्व्हरबीटची चाकवतासारखी पातळ भाजी शोधून काढली, आणि शरद ऋतूत शेजारून बादल्या भरून येणाऱ्या फिजोआंचा, म्हणजे इथल्या हिरव्या, आंबटगोड फळांचा, मेथांबा घातला. तो फिजोआचा मेथांबा खाल्ल्यावर बाबा डोळे मिटून म्हणाले होते, "कैरीला कळवू नका."

आदल्या वसंतात खणताना तिच्या कुदळीला दगड लागला. कपडे वाळत घालायच्या दांडीपाशी, हातभर खोल. आई आणि मी मिळून तो उकरला. गोल, जाड, परातीएवढा, मधोमध आरपार भोक, आणि एका कडेला टवका उडालेला. आईने पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं.

"अगं, जातं!" ती म्हणाली. "वरची तळी आहे. देवा रे, कुठे येऊन भेटलं बघ."

बाबांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून भोकात बोटं घालून पाहिली. "अगं, भोक चौकोनी आहे. जात्याचं गोल असतं. चौकोनातून दाणे कसे पडणार सारखे?"

"इथलं जातं असेल. इथे सगळंच वेगळं असतं. चंद्रसुद्धा उलटा दिसतो."

"आणि खालची तळी? खुंटा?"

"तुम्ही खणा, सापडेल."

बाबा खणायला तयार नव्हते, त्यामुळे ते जातंच ठरलं. आईने त्याला पाइपने आंघोळ घातली, कोरडं केलं, आणि मध्ये नव्हे तर बरोबर त्या टवक्यापाशी हळदकुंकू वाहिलं. "जखमेवर हळद," म्हणाली. लग्नाकार्यात आधी जात्याची पूजा होते, तेव्हा कुठे घर कामाला लागतं, हे ती मला सांगत होती. आपल्या घराचं कार्य म्हणजे तिची परीक्षा, हे न सांगताही कळत होतं. त्या दिवसापासून रोज सकाळी हळदकुंकू, एक फूल, नमस्कार, आणि मग औषधशास्त्राचं जाडजूड पुस्तक.

मला याचा विलक्षण संकोच वाटायचा. एकदा नळ दुरुस्त करायला प्लंबर आला होता. तो मागून आत आला तो पाय न वाजवता, आणि आईला हळू आवाजात म्हणाला, "सगळं ठीक आहे ना? बाहेर दगडावर रक्त आहे." आई खो खो हसली आणि तिने त्याला कुंकवाची डबी दाखवली, वर लाडू खायला घातला. मी माझ्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसलं. उद्या त्याची मुलगी माझ्या शाळेत निघाली तर, या विचाराने मला दोन दिवस भूक नव्हती. (प्लंबरला मुलगी नव्हती. त्याला लाडू आवडला होता आणि पुढच्या खेपेला त्याने पैसे कमी घेतले, हे मला फार नंतर कळलं. तो दगड अजून तिथेच आहे, आणि त्याच्याशेजारी आता एक लाकडी बाक आहे.)

तर पेग. त्या दुसऱ्यांचे फोटो ओळखायला यायच्या खऱ्या, पण त्यांचा जीव त्यांच्या पर्समधल्या एका फोटोत होता. त्यांच्या बालपणीचं घर. त्या बारा वर्षांच्या असताना वडिलांनी जमीन विकली, कुटुंब दुसऱ्या गावी गेलं, आणि लग्नानंतर किती तरी वर्षांनी पेग परत आल्या तेव्हा घर नव्हतं, गोठा नव्हता, ओढा नव्हता, पायवाटेच्या जागी आडवे-उभे रस्ते पडले होते. "मला एवढं आठवतं," त्या म्हणाल्या, "आईच्या मागच्या दारातून टेकडीत एक खाच दिसायची. सूर्य त्या खाचेत जायचा आणि आई म्हणायची, टाकलं पत्र पेटीत. आल्यापासून मी ती खाच शोधते आहे. आणि ती नाहीच." महिनाअखेरीस त्या कायमच्या मुलीकडे नेल्सनला जाणार होत्या. जाण्याआधी एकदा आईच्या मागच्या दारात उभं राहायचं होतं. दार नसलं तरी चालेल, जागा हवी होती.

"सांगितलं ना, मोठ्या दुकानाचा कार पार्क," रॉन म्हणाले. "माझे वडील तिथून दूध आणायचे."

"तुझे वडील कुठूनही दूध आणायचे, रॉन."

"कार पार्क," रॉन म्हणाले, आणि फिओनांनी लिहून घेतलं.

तो फोटो स्कॅनरवर ठेवला गेला त्या गुरुवारी मी खोलीत एकटी होते. पडद्यावर तो मोठा होत गेला. फोटो बाजूने काढलेला. मागच्या दारात एप्रन घातलेली बाई, पायरीवर तीन मुलं, त्यातली गुडघे सोललेली पेग असणार. फोटोच्या दुसऱ्या कडेला, दारासमोर, बोडकी टेकडी आणि तिच्या माथ्यावर, वाटीच्या काठाचा तुकडा उडावा तशी, खाच. मी ती ओळखली, आणि कुठून ते आठवेना. मग हाताला साबणाच्या पाण्याची जाणीव झाली. ही खाच मी रोज भांडी घासताना बघत होते! आम्ही राहायला आलो तेव्हा तिथे सरळ हिरवी रेघ होती. पाइनची झाडं खाचेत वाढून तिला बुजवून बसली होती. नुकत्याच सरलेल्या उन्हाळ्यात त्यांची तोड झाली, आणि आमच्या खिडकीसमोर टेकडीचा पडलेला दात उघडा पडला. पेग वर्षानुवर्षं शोधत होत्या तेव्हा ती झाडांखाली होती, आणि आता मान वर करून बघायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

मी फोटो आणखी मोठा केला. दाराच्या डाव्या हाताला लाकडी घोडीवर एक दगडी चाक उभं बसवलेलं होतं. एक माणूस त्याची मूठ फिरवत होता आणि दुसऱ्या हाताने कुऱ्हाडीचं पातं चाकावर टेकवून धार लावत होता. चाकाच्या मधोमध आस. चौकोनी. कडेला टवका.

मी स्कॅनरचं झाकण बंद केलं. मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? आनंद नव्हे. आईचं जातं म्हणजे कुऱ्हाडीला धार लावायचं चाक आहे, एवढं कळलं. सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. रॉन, फिओना, सगळे आमच्या अंगणात येणार, हळदकुंकवाने माखलेला दगड बघणार, आणि मग तो प्रदर्शनात नेऊन काचेत ठेवणार. आणि आईची परीक्षा तीन आठवड्यांवर. आई परीक्षेला निघताना त्या दगडावर हात ठेवून जाणार होती, तिने मला तसं सांगितलंही होतं. न सांगावं तर पेग एका कार पार्कला आईचं दार समजून नेल्सनला निघून जाणार. मी सगळा आठवडा काहीही बोलले नाही. यात कुणाला नवल वाटायचं कारण नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी आई फिजोआ चिरत होती, मी भांडी विसळत होते. समोर खाचेत सूर्य अर्धा गेला होता. पाऊस नुकताच थांबला होता आणि मागच्या गटाराच्या झाकणाखालून पाणी धावत असल्याचा आवाज येत होता. तो ओढा होता, हे मला आता माहीत होतं.

"आई, समज ते जातं नसेलच तर?"

"बाबांनी शिकवलं का?"

"नाही. पण समज कुणाच्या तरी कुऱ्हाडींना धार लावायचं चाक असेल."

आईने सुरी थांबवली, खिडकीतून दगडाकडे बघितलं, पुन्हा चिरायला लागली. "असेल. इतके दिवस नमस्कार केलाय, आता काय त्याच्याकडे ओळखपत्र मागू? धार लावणारंच असेल तर उलट बरं. माझ्या डोक्याला लावेल."

"आणि ज्यांचं आहे ते आले न्यायला तर?"

"यायला पाहिजेच होतं कुणीतरी. घर आपल्याआधी रिकामं थोडंच होतं?" तिने एक फोड माझ्या तोंडात कोंबली. "आले तर आधी चहा देऊ. मग बघू. तुला काय झालंय? दोन वर्षांत एवढी वाक्यं सलग बोलली नाहीस."

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात पोचले तर सगळे कोट घालून तयार. 'आता'चा फोटो काढायला कार पार्कमध्ये जायचं होतं, कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला गेला. रॉन पुढे, आम्ही मागे. त्यांनी ट्रॉल्यांच्या रांगेजवळ, दोन पांढऱ्या रेघांच्या मधे पेगना उभं केलं. "हे मागचं दार," रॉन म्हणाले. "तो खांब म्हणजे गोठा." एका गाडीवाल्याला तीच जागा हवी होती, तो हॉर्न वाजवू लागला. "दोन मिनिटं, मित्रा," रॉन ओरडले, "ही बाई इथली आहे!" पेग हसल्या. मग त्यांनी हिरव्या स्वेटरची बटणं लावली, केस कानामागे घेतले, आणि डोळे मिटले. एखादं दार आतून उघडलं जाईल म्हणून वाट बघत उभं राहावं, तशा त्या उभ्या राहिल्या. ट्रॉल्या एकमेकींत घुसत खणखणत होत्या. मी कॅमेऱ्यातून बघत होते. त्यांच्या मागे टेकडीचा एक सोंडेसारखा उतार आडवा आला होता आणि माथा सरळ होता. खाच नव्हती. इथून ती कधीच दिसली नसती, झाडं असोत वा नसोत.

पेगनी डोळे उघडले. "काहीच वाटत नाही गं," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, अगदी हळू, रॉनना ऐकू जाणार नाही असं. "आईची आठवण येईल वाटलं होतं. पण मला दूध घ्यायचं आहे एवढंच आठवतंय." आणि मग मोठ्याने, "हसू का मी?"

"दाब बटण, पोरी," रॉन म्हणाले. "पाय अवघडले माझे."

माझं बोट बटणावर होतं. मनात मी वाक्य जुळवायला लागले, नेहमीसारखं, इस्त्री करून. गाडीवाल्याने पुन्हा हॉर्न दिला. मग मी वाक्य जुळवणं सोडलं, कॅमेरा गळ्यात सोडून दिला, आणि बसस्टॉपपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"इथे नाही! ती खाच आमच्या सिंकसमोर दिसते, पाइन तोडल्यापासून. मागचं दार आमच्या कपड्यांच्या दांडीपाशी आहे, पेग, आणि तुमच्या वडिलांचं धारेचं चाकही तिथेच आहे. माझी आई रोज त्याला हळद लावते, जिथे तुटलंय ना, तिथेच."